ओ द्यायची राहिली होती

या ग्रुपवर मला ओळखणारे आता हसणार आहेत. कुणाला माळ्यावर पावलं ऐकू आली की खाली "उंदीर असेल", आणि कुणाला खिडकीत सावली दिसली की "झोप पूर्ण करा" अशी कमेंट टाकणारी ती मीच. आईशी माझी या विषयावर इतकी भांडणं झालीत की बाबा आता मध्ये पडत नाहीत. भूतबित मी मानत नव्हते, आणि आजही मानते असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. पण मला एका बाईंचे आभार मानायचे आहेत... त्या कोण, हे माहीत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

मी पनवेलची. एम.एस्सी.ला होते, पर्यावरणशास्त्र. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. वर्गातल्या हुशार मंडळींनी एसी ऑफिसातल्या इंटर्नशिपा पटकावल्या आणि मी आणि प्रणाली म्हात्रे, आमच्या वाट्याला चिखल आला. खाडीच्या चिखलात राहणारे किडे-कृमी मोजायचे, भराव टाकल्यावर ते कमी होतात का ते बघायचं. एक लोखंडी चौकट टाकायची, आतला चिखल खणायचा, चाळणीत धुवायचा आणि उरलेले जीव बाटलीत भरायचे. वर्गात आमचं नाव 'चिखल पार्टी' पडलं होतं. बसमध्ये शेजारची माणसं आमच्या बादलीकडे बघून जागा बदलायची.

जागा उलवे आणि उरणच्या मधली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच लोक मोबाइल घेऊन शूटिंगला जातील. गाव संपलं की मातीचा बांध, बांधापलीकडे तिवरांची झाडी, आणि तिच्यापुढे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघडी पडणारी चिखलाची मोठी सपाटी. गाव निवडलं ते प्रणालीच्या आत्यासाठी. तिच्या वडिलांची मोठी बहीण याच गावात दिलेली, घर बांधाला लागून. आम्ही चिखलातून आलो की आत्या अंगणातच पाय धुवायला लावायच्या, आणि मग तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी समोर यायची. प्रोजेक्टमधलं तेवढंच मला मनापासून आवडायचं, खरं सांगते.

आत्या बांधापर्यंत सोबत यायच्या, पण पुढे कधी नाही. एकदा मी म्हटलं, चला की आमच्याबरोबर, तुम्ही तर लग्न होऊन आल्यापासून खाडीत गेलेल्या. तर म्हणाल्या, "माजे गुडघे नाय ऐकत आता." मी मान डोलावली. गुडघे सगळ्यांच्याच आयांचे दुखतात.

आता ती सकाळ. थंडीचे दिवस होते, पौर्णिमेच्या आसपास. म्हणजे पाणी खूप आत ओसरतं आणि परत येतं तेव्हाही जोरात येतं. आम्हाला सगळ्यात बाहेरच्या जागेचे नमुने राहिले होते. ती जागा एरवी पाण्याखालीच असते. ही सुकती चुकली तर पुढची तशी सुकती सबमिशननंतर, म्हणजे प्रोजेक्ट अर्धवट. सरांनी बजावलं होतं, धुकं असेल तर जाऊ नका. आम्ही निघालो तेव्हा धुकं नव्हतं. आत पोचलो, चौकट टाकली, खणायला लागलो... आणि धुकं कधी उतरलं ते कळलंच नाही. मान वर केली तर तिवरं गायब. वाटेवर आम्ही रोवलेल्या लाल फिती बांधलेल्या काठ्याही गायब.

तरी आम्ही थांबलो नाही. एवढं आलोय तर एक चौकट आणखी, असं मीच म्हणाले. प्रणाली चाळणी हलवत होती, मी बाटलीवर नंबर घालत होते. तेवढ्यात बाईचा आवाज आला. लांबून, पण स्वच्छ. हेल काढून मारलेली हाक.

"पानी फिरला गोऽऽ..."

आता माझं डोकं कसं चालतं बघा. पाणी फिरणं म्हणजे आमच्या घरी एकच अर्थ, केलेल्या मेहनतीवर पाणी फिरलं. मला वाटलं, कोणीतरी बाई आमची चेष्टा करतेय, की पोरींनो तुमचं काम गेलं वाया. मी हसलेसुद्धा. प्रणालीला म्हटलं, बघ, सबमिशनचा रिझल्ट लागला. ती हसली नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती. माझ्या गमबुटाचे जे ठसे मघाशी कोरडे होते, त्यांत पाणी भरलं होतं आणि ते हलत होतं.

प्रणालीने ओ द्यायला तोंड उघडलं, आणि मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, ओ देऊ नकोस.

का? तर आई. तिन्हीसांजेला आणि पाण्याकाठी एका हाकेला ओ द्यायची नाही, माणूस असेल तर तीनदा हाक मारेल, हे लहानपणापासून कानात ओतलेलं. याच वाक्यावरून मी आईशी तासन् तास वाद घातलेत. पण पायाखाली पाणी आलं आणि सगळं पर्यावरणशास्त्र वाहून गेलं, उरली ती आई. माणूस कितीही शिकला तरी घाबरल्यावर तो आपल्या आईचाच असतो, एवढं मला त्या दिवशी कळलं.

आम्ही सामान उचललं. परत जायचं कुठल्या बाजूने, हाच प्रश्न. मोबाइल काढला, तर चिखलाच्या बोटांना स्क्रीन दाद देईना, आणि दिली तेव्हा निळा ठिपका भर खाडीत, पाण्यावर उभा. डावीकडून डंपरचे आवाज येत होते. डंपर म्हणजे रस्ता, रस्ता म्हणजे जमीन. प्रणाली म्हणाली डावीकडे, मलाही तेच पटलं. चार पावलं गेलो असू, तर पुन्हा तीच हाक. उजवीकडून.

"पानी फिरला गोऽऽ..."

घाई नाही, ओरडणं नाही. कामावरची बाई बोलावते तसा आवाज. आम्ही थांबलो. डावीकडे चिखल सोपा दिसत होता, उजवीकडे प्रणालीचा पाय मांडीपर्यंत गेला. तिला मी काखेत धरून ओढलं तेव्हा पाय निघाला, गमबूट राहिला. तो अजूनही खाडीतच आहे. ती रडायला लागली आणि म्हणाली, "सायली, तू जा पुढे, मी येते." येते म्हणजे कुठून येणार होती? मी तिला शिव्या घातल्या. माझ्या तोंडी त्या शिव्या आईने ऐकल्या असत्या तर भुताआधी मलाच घराबाहेर काढलं असतं.

आणि हाक येतच राहिली. थोडं चाललं की पुढून, पुन्हा थोडं चाललं की आणखी पुढून. दर वेळी तेच शब्द. मी नंतर सरांना म्हटलं की आम्ही त्या बाईंच्या मागे गेलो, पण खरं तर त्या आमची वाट बघत मागे सरकत होत्या असं मला तेव्हाही वाटलं होतं. तीन हाका कधीच होऊन गेल्या होत्या, म्हणजे आईच्या हिशेबानेसुद्धा ओ द्यायला हरकत नव्हती. पण पाणी गुडघ्याला लागलेलं, दात वाजत होते, प्रणालीचा हात माझ्या खांद्यावर... आवाज फुटलाच नाही. शेवटी माझ्या पायाला काहीतरी टोचलं. तिवराची मुळं. झाडी आली, मग बांध आला. आम्ही त्यावर चारी पायांवर चढलो.

आत्या बांधावर उभ्या होत्या, आम्हाला शोधायला आलेल्या. त्यांनी प्रणालीला जवळ घेतलं आणि मला पाठीवर एक धपाटा घातला. तो धपाटा मला अजून प्रिय आहे. थोड्या वेळाने धुकं विरलं तेव्हा डावीकडचं दिसलं. आम्ही ज्या बाजूने निघालो होतो तिथे आडवी नाळ होती, खाडीचं पाणी आत शिरायची वाट, आणि ती काठोकाठ भरून वाहत होती. डंपरचे आवाज तिच्या पलीकडून येत होते. मी ते बघितलं आणि खाली बसले.

पाय धुताना मी आत्यांना विचारलं, त्या हाक मारणाऱ्या बाई कोण, त्यांना भेटून जाऊ. आत्या म्हणाल्या की खाडीत आता कोणी उतरत नाही, खुबे-शिवल्यांसारखे शिंपले मिळेनासे झाल्यापासून बायकांनी जाणंच सोडलंय. मग त्यांनीच विचारलं, काय म्हणत होती ती? मी सांगितलं. हेल काढून, जसंच्या तसं.

आत्यांच्या हातातला तांब्या थांबला. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. पूर्वी शिवल्या वेचायला गावच्या बायका जथ्याने जायच्या. सगळ्या वाकून वेचणार, मग पाण्याकडे बघणार कोण? म्हणून एक जाणती बाई उभी राहायची. भरती लागली, म्हणजे पाणी फिरलं, की ती हाक मारायची, आणि प्रत्येकीने ऐकू आल्याची ओ द्यायची. ओ मोजून, शेवटच्या बाईची ओ आली की मगच ती स्वतः पाण्याबाहेर निघायची. एकीची जरी ओ आली नाही, तरी ती हलायची नाही, पाणी गळ्याशी आलं तरी हाक मारत राहायची.

"तुमी ओ दिली का?" आत्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. मीच हिलाही देऊ दिली नाही, हेही सांगितलं.

आत्या रागावल्या नाहीत. खाडीकडे बघत एवढंच म्हणाल्या, "मंग ती थांबली आसंल अजून." प्रणालीने विचारलं, ती म्हणजे कोण गं आत्या? तर म्हणाल्या, "कुनाचा नाव घेऊ? किती जनी व्हत्या." आणि चहा टाकायला आत गेल्या.

पुढे सगळं व्यवस्थित झालं. अर्ध्या बाटल्या वाटेत पडल्या होत्या, सरांनी सांभाळून घेतलं. आधी बोलणी मात्र भरपूर बसली, आणि ती बसायलाच हवी होती. त्यांचं म्हणणं, धुक्यात आवाजाची दिशा फसवी वाटते, पलीकडच्या काठावर कोणी बाई असेल. असेलही. मी स्वतः इथे दुसऱ्या कुणाला हेच लिहिलं असतं. पण पलीकडच्या काठावरचा आवाज आमच्यासोबत चालत बांधापर्यंत कसा आला? खूप विचार केला. सोडून दिला.

सोडवत नव्हती ती वेगळीच गोष्ट. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर ऋणनिर्देश असतो. मी सरांचे आभार लिहिले, लॅबवाल्या काकांचे, आत्यांचे, आईबाबांचे. आणि मग बसून राहिले. आम्ही दोघी घरी येऊन गरम भात खातोय, टायपिंग करतोय, आणि कुणीतरी आमच्या दोन ओंसाठी गार पाण्यात उभं आहे... हा विचार वेडगळ आहे हे मला समजत होतं. तरी घास उतरत नव्हता. आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, बघ, मी सांगत होते. ती म्हणाली, "जाऊन ये. हाकेला ओ न देणं वेगळं आणि उपकाराला न देणं वेगळं."

व्हायव्हा झाली त्याच आठवड्यात आम्ही दोघी गेलो. भर दुपार, लख्ख ऊन, भरती लागायच्या बेतात. आत्यांना सांगितलं कशाला आलो. त्यांनी पदर खोचला आणि गुडघ्यांवर हात ठेवत बांधापर्यंत आल्या.

मी ओ दिली. कसली, घशातल्या घशात. शहरात आपण ओ देतो कुठे, "हां" म्हणतो नाहीतर "काय आहे?" म्हणतो. आत्या म्हणाल्या, "मोठ्यानी, पोरी. तिला आयकू जायाला नको?" मग मी पोट खेचून दिली. नंतर प्रणालीने. मी म्हटलं, थँक यू पण म्हणू का? तर म्हणाल्या, नको, ओ म्हणजेच तेच असतं.

आमचं झालं. डोळे पुसले, चपला घातल्या, आणि वळलो. आत्या वळल्या नव्हत्या. बांधाच्या अगदी कडेला जाऊन त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले, आणि त्या वयाच्या बाईच्या छातीतून येईल असं मला वाटलं नव्हतं एवढी मोठी, लांब ओ दिली.

मग पदराने तोंड पुसत आमच्याजवळ आल्या.

"माजीबी राहिली व्हती," म्हणाल्या, आणि भाकऱ्या टाकायच्यात म्हणून घराकडे चालू लागल्या.