फिरलेलं स्थळ

शरच्चंद्र टिपणीसांना कोणी 'रिटायर्ड' म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. अंधेरीच्या एका केशतेलाच्या कंपनीत त्यांनी उभा जन्म जाहिरात खात्यात काढला. लोकांचे केस गळायचे ते गळतच राहिले, पण तेल मात्र धो धो खपलं. ते का खपलं, हे विलेपार्ल्याच्या बागेत भेटेल त्याला ते ऐकवत. "एकदा सांगून भागत नाही हो! सकाळी पेपरात दिसलं पाहिजे, रिक्षाच्या पाठीवर दिसलं पाहिजे, रेडिओवर ऐकू आलं पाहिजे, आणि वाण्याकडे गेला की समोर बाटली. सगळीकडून एकच चेहरा, एकच वाक्य. मग जातो कुठे?" ऐकणारे माना डोलवायचे. तेही बिचारे कुठे जाणार?

आता अशा माणसाच्या घरात पस्तिशीला टेकलेली, बिनलग्नाची मुलगी. रेवती. घाटकोपरला एका आर्किटेक्टकडे नोकरी, चांगला पगार, आणि स्वभाव बापाच्या अगदी उलटा, चार शब्दांत काम भागवणारा. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "थोडं थांबा ना, बाबा." का थांबायचं, ते सांगायची नाही. आणि आपल्यामागे हिचं कोण, या एका काळजीने शरच्चंद्रांना आतून पोखरलं होतं. उगाच हसू नका. ही काळजी ज्याला आहे त्यालाच ती कळते.

शेवटी त्यांनी मोहीम उघडली. मोहीमच ती, दुसरा शब्द नाही! दोन विवाहविषयक साइट, रविवारच्या पेपरात छोटी जाहिरात, पार्ल्याचं वधू-वर सूचक मंडळ, बोरिवलीचा मेळावा. फेसबुकवर ज्ञातीचा ग्रुप. व्हॉट्सअॅपवर सोसायटीचा ग्रुप, योगासनांचा, कंपनीतल्या जुन्या लोकांचा, कोकण सहलीचा. सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी सोडलं नाही, दक्षिणेबरोबर फोटो दिला. सगळीकडे एकच फोटो, मोरपिशी साडीतला. आणि खाली एकच ओळ: 'सुस्वरूप, सुशिक्षित, सुगरण.'

"सुगरण?" त्यांच्या बायको उत्तराबाई म्हणाल्या. "ती साधा वरणभात लावते तर कुकर रुसतो."

"अगं, जाहिरात आहे ती."

"तेच म्हणतेय मी. किती ठिकाणी टाकलंत? अति तिथे माती होते हो. मुलगी आहे, बाटली नव्हे."

"खपतं कसं, ते मला शिकवू नकोस," शरच्चंद्र म्हणाले, आणि मग स्वतःच्याच शब्दाने ओशाळून पेपरात तोंड घातलं. पण मोहीम थांबवली नाही. रेवतीला फक्त एका साइटचं ठाऊक होतं. वाद नको म्हणून ती "टाका हवं तर" म्हणाली होती, तेवढ्यावर बापाने सगळी मुंबई पालथी घातली.

आधी चौकशा आल्या, मग आटल्या. आणि एके दिवशी रेवती ऑफिसातून दुपारीच घरी आली, चपलासुद्धा न काढता सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, मुलुंडच्या देवदत्तशी मी लग्न करणार होते."

म्हणजे होता कोणीतरी! तीन वर्षं होता. गेल्या वर्षी त्याचे वडील वारले. वर्षश्राद्धाआधी आईपुढे लग्नाचा विषय कसा काढायचा, म्हणून दोघं थांबली होती. ते झालं आणि त्याने आईला रेवतीचा फोटो दाखवला. आई म्हणाली, "ही का? हिला मी ओळखते." हेच स्थळ तिच्याकडे चारी बाजूंनी आलं होतं: मावशीने पाठवलेलं, गुरुजींनी आणलेलं, मंडळाकडून आलेलं, बहिणीच्या भजनाच्या ग्रुपवर फिरलेलं. "एवढं फिरलेलं स्थळ म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली. "चांगल्या मुलीला एवढं फिरवावं लागतं का?"

"मला सांगायचं नाही होय गं?" शरच्चंद्र पुटपुटले.

"थांबा म्हटलं होतं ना मी? तुम्ही गुरुजींनासुद्धा विचारलंत, बाबा. मला एकदा तरी विचारलंत का, तुझं कोणी आहे का म्हणून?"

त्या दिवसापासून त्यांचा घास उतरेना, बागेत जाणं बंद झालं. अधूनमधून चौकशीचा फोन वाजला की ते उचलायचेच नाहीत. साइटवरून नाव काढलं, पण ग्रुपांवरचं काय करणार? मोरपिशी साडीतली रेवती अजून कुठे कुठे फिरत होती, देव जाणे.

मग त्यांना वाटलं, पसरवलं आपण, तर आवरायचंही आपणच. पण कसं? स्थळ मागे घेतलं म्हणावं, तर लोक खोट शोधणार. परत मागवलेल्या मालाचं काय होतं, ते त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं. माल संपला म्हटलं की इज्जत राहते. म्हणून त्यांनी नीट विचार करून मजकूर लिहिला, 'चि. सौ. कां. रेवतीचा विवाह निश्चित झाला आहे. कृपया स्थळे सुचवू नयेत.' आणि जिथे जिथे फोटो पाठवला होता तिथे तिथे, एकही जागा न वगळता, पाठवून दिला. गुरुजींना तर फोन करून कळवलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी पोटभर जेवून घेतलं.

संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचा पाऊस. उत्तराबाईंना भाजीवालीने पेढे मागितले, तेव्हा त्यांना कळलं. त्या घरी येऊन नवऱ्याला काही विचारणार, तोच मागोमाग रेवती आत आली. ती रडली नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"देवदत्तने महिनाभर डोकं फोडून आईला पटवलं होतं," ती म्हणाली. "रविवारी त्या आपल्याकडे यायच्या होत्या. मी आज जेवताना तुम्हाला सांगणार होते. दुपारी गुरुजींनी त्यांना बातमी दिली."

"अगं, मग खोटं आहे म्हणून सांग त्याला!"

"सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत आहे. पण आई आता ऐकायलाच तयार नाही. जे घर आज एक सांगतं नि उद्या दुसरं, त्या घरची मुलगी नको, म्हणते. तिच्याशी आणखी भांडायची ताकद त्याच्यात उरली नाही, बाबा. आणि मी तरी कितीदा हात जोडू?"

शरच्चंद्रांनी चष्मा चढवला, टेबलावरचा फोन उचलला. "थांब. मी आत्ता, या मिनिटाला, सगळीकडे कळवतो की..."

"नको, बाबा." रेवतीने त्यांच्या हातातून फोन हळूच काढून घेतला. "आता माझं काहीच कोणाला कळवू नका."