केळीच्या चेंबरमधला बँड आणि उदगीरची चौकशी

आमच्या बँडचा इतिहास सांगायचा तर केळीपासून सुरुवात करावी लागते. अर्धापूरजवळ गायकाच्या चुलत्यांचं केळी पिकवायचं चेंबर आहे. जाड भिंती, जड दार आणि आत गारवा. माल नसेल तेव्हा ते आम्हाला मिळायचं आणि आतला आवाज बाहेर जायचा नाही. आम्ही वाजवायचो ते ब्लॅक मेटल हे संगीत युरोपातल्या बर्फाळ देशांत वाढलं. नांदेड जिल्ह्यात तेवढी थंडी मिळेल अशी आम्हाला माहीत असलेली ती एकच जागा.

बँडमध्ये चौघे होतो. गायक बँकेच्या शाखेत नोकरीला, गिटारवाला विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेला, ड्रमवाल्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मी दिवसा वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतरांच्या बातम्या कापायचो आणि चेंबरमध्ये बास वाजवायचो. गाण्यांचे शब्दही माझे.

शैलीचं वर्णन सोपं आहे. गिटार इतकी भरभर घासायची की सूर सुटा ऐकू येऊ नये. ड्रम पत्र्यावर गारा पडल्यासारखा. गायकाने गायचं नाही, किंचाळायचं. रेकॉर्डिंग मुद्दाम खराब ठेवायचं. यातली शेवटची गोष्ट आम्हाला मुद्दाम करावी लागली नाही. आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करायचो आणि मागे चेंबरचा कॉम्प्रेसर घुमत असायचा. फिनलंडच्या एका श्रोत्याने इंटरनेटवर विचारलं, तो खर्ज कोणत्या यंत्रातून काढता. आम्ही खरं ते सांगितलं. त्याने पुन्हा काही लिहिलं नाही.

बर्फ कुणीच पाहिलेला नसल्यामुळे मी आटलेल्या बोअरवर लिहायचो, दुपारच्या माळावर लिहायचो. त्यातलं अक्षर कुणाला ऐकू येत नव्हतं, म्हणून तक्रारही आली नाही.

चेहरे रंगवणं हा या संगीतातला रिवाज. पांढरा सफेदा, डोळ्यांभोवती काजळ; माणूस मढ्यासारखा दिसायला हवा. गायकाला हा रिवाज सोयीचा होता. बँडबद्दल त्याच्या घरी माहीत नव्हतं. त्यातच उदगीरची सोयरीक आलेली. त्याला मुलगी मनापासून आवडली होती, तिकडूनही नकार नव्हता. फक्त चौकशी बाकी होती. आमच्याकडे मुलीकडचं कुणीतरी न सांगता येतं आणि मुलाच्या ओळखीच्यांना विचारून जातं. पितो का, खातो का, संगत कशी. तेवढं पार पडेपर्यंत कार्यक्रम नको, असं गायकाचं म्हणणं होतं. पण लातूरचं मंगल कार्यालय दुपारपुरतं स्वस्तात मिळालं आणि गिटारवाल्याने त्याला समजावलं, "तोंडाला सफेदा लावल्यावर तुझी आई बी वळखायची न्हाई."

घात अर्धापूरच्या फ्लेक्सवाल्याने केला, तोही आपुलकीने. बँडचं नाव आम्ही या शैलीप्रमाणे बाभळीच्या काट्यांसारखं काढलं होतं. ते वाचता येत नाही, हे त्याने मान्य केलं. पण खाली अर्धा फ्लेक्स काळा ठेवायचा, हे त्याला पटलं नाही. शुभेच्छुकांशिवाय फ्लेक्स त्याने आयुष्यात छापला नव्हता. त्याच्या कॉम्प्युटरवर गायकाचा जुन्या वाढदिवसाच्या बॅनरमधला फोटो होता, गॉगल लावलेला, हात जोडलेला. तो त्याने संपूर्ण नाव आणि गावासह खाली टाकला आणि गुंडाळी परस्पर लातूरला पाठवली. आम्ही फ्लेक्स पाहिला तेव्हा कार्यालयाच्या दारावर लागून दोन दिवस झाले होते.

कार्यक्रमाला क्लास बुडवून आलेली पोरं होती. आणि पहिल्या रांगेत टोपी घातलेले एक गृहस्थ. गायकाने पडद्याआडून पाहिलं आणि खुर्चीवर बसला.

"मुलीचे मामा. लातूरलाच राहतात, फ्लेक्स पाहिला असणार."

"तुला वळखतेत का?" ड्रमवाल्याने विचारलं.

"पाहायच्या कार्यक्रमात माझ्या समोरच बसले होते."

कार्यालयाच्या मॅनेजरला यातलं काही ठाऊक नव्हतं. दीपप्रज्वलन आणि सत्कार झाल्याशिवाय त्याच्या हॉलमध्ये काही सुरू होत नसे. सगळ्या हॉलमध्ये वडीलधारं माणूस एकच दिसलं, त्याने त्यांनाच अध्यक्ष केलं. शाल घालायला गायकाला पुढे ढकललं. मढ्याच्या तोंडाच्या माणसाने मामांना शाल घातली, नारळ दिला आणि सवयीने वाकून नमस्कार केला. मामांनी त्याच्या पांढऱ्या कपाळावर कुंकू लावलं. मग दोन शब्द बोलले, "पोरं मेहनत करून राहिली. आपल्याला समजलं न्हाई तरी बसून ऐकावं."

ते शेवटपर्यंत बसले. शाल कानांवरून घेतली होती, एवढंच.

कार्यक्रमानंतर आम्ही वधूपक्षाच्या खोलीत होतो, मोठा आरसा तिथेच होता. गायक रंग पुसणार तेवढ्यात मामा आत आले आणि नेमके त्याच्याच समोर बसले.

"त्या फ्लेक्सावरला पोरगा तुमच्या वळखीचा हाय का?"

"हाव."

"कसा हाय?"

गायकाचा घसा बसलेला होता. "बरा हाय."

"पितो का?"

"न्हाई. घसा जातो."

"सुपारी, तंबाखू?"

"तेच्यानं बी जातो."

"मग वंगाळ काय हाय त्याच्यात?"

इथे काहीही सांगता आलं असतं. गायकाने आरशात पाहिलं. "घरी न सांगता वरडतो," तो म्हणाला. "आन् सोडायचा न्हाई."

मामा नारळ काखेत धरून उठले. बाहेर जाऊन त्यांनी उदगीरला फोन लावला. दार उघडंच होतं.

"पोरगा चांगला हाय. न्हाई, दुसऱ्या कुणाला इचारलं न्हाई, त्यालाच इचारलं. आता, तोंड रंगवलं म्हणून काय झालं, कान तर बापाचेच हायत. तारीफ करायची संधी दिली, तर पठ्ठ्या आपलीच चुगली करून राहिला."

आत गायकाने दोन्ही हात कानांवर ठेवले.

साखरपुडा ठरला. मुलीने एकच अट घातली होती: आईवडिलांना त्याने स्वतः सांगावं. त्याने सांगितलं. वडिलांनी चेंबरच्या लाइटबिलाबद्दल विचारलं, बाकी काही नाही.

साखरपुड्याचा फ्लेक्स अर्धापूरच्या त्याच दुकानात छापला. फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवरचा सगळ्यात नवा फोटो घेतला, लातूरच्या कार्यक्रमातला, आम्हीच त्याला कौतुकाने पाठवलेला. उदगीरच्या हॉलच्या दारावर एका बाजूला पैठणीतली मुलगी आणि दुसऱ्या बाजूला काजळ ओघळलेलं मढं, कपाळाला कुंकू. गायकाचे चुलते तो काढायला शिडीवर चढले, तेव्हा मुलीने खालून सांगितलं, "राहू द्या काका. कुंकू मामांनीच लावलंय."