गोदाकाकूंच्या आमराईतला प्लेग कॅम्प

तळ्याच्या बांधात मी काठी खुपसली आणि ती सगळीच्या सगळी आत गेली. माझी मूठ मातीला टेकली तेव्हा थांबली. दोन पावलं पुढं सरकून पुन्हा खुपसली. पुन्हा तेच. आतून बांध चाळणीसारखा पोकळ होता. आणि माझ्या पाठीमागं, त्याच बांधाच्या पायथ्याशी, माणसं हौसेनं झोपड्या बांधत होती.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यात सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. निजामाचा अंमल होता, दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. फिरतीची नोकरी. आज ताडकळसचा बाजार, उद्या चुडाव्याच्या स्टेशनवर उतरून बैलगाडीनं आणखी कुठं तरी. लोकांना माझ्या हुद्द्याचं नाव उच्चारायला जड जायचं, म्हणून ते मला ‘प्लेगसाहेब’ म्हणायचे. मी गावात शिरलो की बायका मुलांना आत ओढायच्या.

ही हकीकत गोदावरीकाठच्या एका तालुक्याच्या गावची. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या हकीकतीतल्या घरांमधली माणसं अजून तिथं नांदतात. त्या हिवाळ्यात गावात उंदीर पडायला लागले. ‘उंदीर पडणं’ हा आमच्या कामातला सगळ्यात वाईट शब्द. प्लेग आधी उंदराला होतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उपाशी राहतात आणि माणसाला चावतात. मग ताप, मग जांघेत किंवा काखेत गाठ. त्यामुळं घरात मेलेला उंदीर दिसला की घर सोडायचं, एवढाच खात्रीचा उपाय होता. टोचणी होती, पण लस पुरी पडत नव्हती. सगळं गाव बाहेर काढून कॅम्प लावायचा असं ठरलं. जागा निवडणं माझी ड्यूटी.

पण मी पोचण्याआधीच जागा ठरली होती. तहसीलदारसाहेबांनी तळ्याकाठचा हुक्म दिला होता. साहेब हैदराबादकडचे, पन्नाशीचे, अंगानं जाड आणि चालायला उत्साही. मराठी त्यांना पुरतं समजायचं, बोलताना दखनी यायची.

“पानी है, हवा है, मैदान है. और क्या होना, इन्स्पेक्टर साब?”

वरवर पाहता त्यांचं खरं होतं. तळं मोठं होतं. काठाला लिंबाची झाडं होती. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी पाण्याजवळच्या जागा धरून तुराट्यांच्या झोपड्या उभ्याही केल्या होत्या. पण बांधाच्या पलीकडं गावाची खळी होती. ज्वारीची कणसं येऊन पडायला लागली होती. जिथं दाणा तिथं उंदीर, आणि उंदराला राहायला बांधासारखं घर नाही. म्हणून मी काठी घेऊन तिथं गेलो होतो.

मी बांधाच्या कडेनं चालत राहिलो. एका बिळाच्या तोंडाशी घूस पडली होती. मेलेली, फुगलेली. तिच्यापासून हाताच्या अंतरावर एका घरच्या गोधड्या वाळत घातल्या होत्या.

मी कचेरीत गेलो. साहेबांसमोर गावची चार वजनदार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर साहेबांचा हुक्म चुकला म्हणणं सोपं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, “हुजूर, एक चीज दाखवायची आहे. रूबरू पाहावी लागेल.”

साहेबांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता टोपी उचलली. हे मला तेव्हाच आवडलं. दुसरा कुणी असता तर ‘रिपोर्ट द्या’ म्हणाला असता.

बांधावर मी त्यांच्या हातात काठी दिली. त्यांनी स्वतः खुपसून पाहिली. एकदा, दोनदा, पाच-सहा ठिकाणी. मग मी घूस दाखवली. ते झटकन मागं सरले. “या अल्लाह,” एवढंच म्हणाले. मग त्यांनी त्या गोधड्यांकडं पाहिलं.

मागोमाग आलेल्या माणसांकडं वळून ते मोठ्यानं म्हणाले, “ये जागा मैं पसंद किया था. गलत किया. झोपड्या काढा. आज, अब्बी.”

कुरकूर झाली. एकजण म्हणाला, “साहेब, आता बांधून झाल्यात की.” साहेब त्याच्या झोपडीपाशी गेले आणि पहिली तुराटी स्वतःच्या हातानं उपटली. तहसीलदाराला असं वाकलेलं गावानं पूर्वी पाहिलं नसावं. बाकीचे निमूट कामाला लागले.

आता नवी जागा पाहिजे होती आणि गावात रोज कुणाच्या तरी घरी रडणं ऐकू येत होतं. नदीकडं बाभूळबन होतं. मी ते पायाखाली घातलं. सावली विरळ, काट्यांचा खच, आणि पिण्याचं पाणी दूर. म्हातारी माणसं तिथून घागर आणू शकली नसती. राहिली गोदाकाकूंची आमराई.

आमराई गावाच्या वरच्या अंगाला होती. जमीन मुरमाड, म्हणजे कोरडी. काळ्या रानासारख्या तिला उंदीर शिरतील अशा भेगा पडत नाहीत. खळी लांब. झाडं मोठी आणि एकमेकांपासून अंतर ठेवून लावलेली, त्यामुळं मधल्या पट्ट्यांत सकाळचं ऊन स्वच्छ यायचं. अंथरूण उन्हात पडलं की पिसू टिकत नाही. मधोमध बांधीव विहीर, तिला बारमाही पाणी. इतकी चांगली जागा मी नोकरीत फार वेळा पाहिली नाही. अडचण एकच होती. झाडं मोहरानं भरली होती.

साहेब म्हणाले, “हुक्म निकालूँ?”

मी म्हणालो, “हुक्मानं जमीन मिळेल हुजूर. पण विहीर गोदाकाकूंची, मोट त्यांची, माणसं त्यांची. त्यांनी मनानं द्यायला पाहिजे.”

“तो तुम जाओ. मैं गया तो हुक्मच होता.”

गोदाकाकू म्हणजे विधवा जमीनदारीण. पंचेचाळिशीच्या आसपास, उंच, आवाज भरदार. नवरा गेल्यापासून शेती त्याच बघायच्या. मी गेलो तेव्हा त्या गोठ्याच्या दारात उभ्या राहून वासराच्या पायाला हळद लावत होत्या.

“या. बसा तिथं. काय बघायलाव आमच्या आमराईत दोन दिवसांपून?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी वासराचा पाय सोडला नाही.

“चुली पेटनार म्हना की.”

“पेटणार.”

“मोहराला धूर लागला तर काय हुईल?”

‘काही होणार नाही’ असं म्हणायचा मोह झाला होता. पण त्या बागेच्या मालकीण होत्या, त्यांना माहीत नसेल असं थोडंच होतं? मी म्हणालो, “बराचसा झडेल, काकू.”

“खरं बोललाव, बरं झालं.” त्यांनी हात धुतले. “चला, झाडं बघू.”

त्या पुढं आणि मी मागं. एकेका झाडाखाली त्या थांबत होत्या. कुठं डहाळी खाली ओढून मोहराचा वास घेत होत्या. एका झाडाला टेकून उभ्या राहिल्या. ते झाड नवऱ्यानं लावलेलं, असं नंतर कळलं. मग त्या माझ्याकडं वळल्या.

“कोन कोन येनार?”

“सगळं गाव. महारवाडा सगळ्यात आधी. तिथं उंदीर जास्त पडलेत.”

“मग येऊ द्या. झाडाला खिळा मारायचा न्हाई, फांदी तोडायची न्हाई. आन् चुली तिकडं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. जेवढा मोहर वाचंल तेवढा वाचंल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोऱ्या लावून झोपड्यांच्या रांगा आखल्या. संडासाचे चर उताराला खणले. दाणे आठवड्यापुरतेच आणायचे आणि शिंकाळ्यात टांगायचे, असा नियम केला. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर पाण्याचा प्रश्न निघाला. मला त्याचीच भीती होती.

गावचे एक वयस्कर पाटील, त्यांना सगळे मामा म्हणत, चारजणांना घेऊन विहिरीपाशी आले. “काकू, एक हिर आन् सगळं गाव. हे कसं जमायचं? त्या लोकांनी तळ्याचं पानी आनावं.”

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “माझ्या हिरीवर कोनीच चढायचं न्हाई.”

मामा खूश झाले. “तेच म्हनायलो मी.”

“तुमी बी न्हाई, मामा.”

“आमी बी न्हाई?”

“कोनीच न्हाई. मोट माझी, बैल माझे. दिवसभर मोट चालंल, पानी पाटानं खाली दगडी पन्हळीला येईल. ज्याला पायजे त्यानं तिथं घागर लावायची.”

“सगळ्यांनी एकाच पन्हळीला?”

“मग तुमी तळ्याचं आना की. तुमाला घोडं हाय.”

मामा चारजणांना घेऊन परत फिरले. मी मात्र मनातून नाचत होतो. विहीर बिघडते ती तिच्यात बुडणाऱ्या शेकडो घागरींमुळं. विहिरीला कुणाचा हात लागू नये, वाहतं पाणी खाली आणून द्यावं, हेच आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. आजवर एकाही गावात मला ते जमलं नव्हतं. काकूंनी ते चार वाक्यांत करून टाकलं. पन्हळीपाशी आधी कोण, नंतर कोण, यावरून पहिल्या सकाळी वाद झालाच. गाव एका रात्रीत सुधारलं असं मी म्हणणार नाही. पण पाणी सगळ्यांना एकच मिळालं आणि तळ्यावर कुणी गेलं नाही.

कॅम्प बसला. गावात मागं राहिलेल्यांपैकी काहीजण दगावले. आमराईत मात्र कुणाला काही झालं नाही. साहेब रोज घोड्यावरून मुआयना, म्हणजे पाहणी करायला यायचे. मला वाटलं, जिंकलो.

आणि एका दुपारी खालच्या रांगेतल्या एका माणसाला हुडहुडी भरून ताप आला.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. ‘गाठ आली, गाठ आली.’ मी झोपडीकडं पळालो तर समोरून माणसं बोचकी घेऊन निघालेली. कुणी छप्पर उतरवत होतं, कुणी त्या झोपडीला आग लावा म्हणून ओरडत होतं. एकदा ही माणसं पांगली की आजूबाजूच्या गावांत जाणार. त्यांच्या अंथरुणाबरोबर पिसूही जाणार. मी ओरडून सांगत होतो, पण माझंच मला ऐकू येत नव्हतं. मोटकरीही मोट सोडून पळाला होता. दिवसभर कानावर असणारी मोटेची करकर बंद पडली होती आणि त्या शांततेनं माणसं जास्तच बिथरली होती.

मी रोग्याच्या झोपडीत शिरलो. काखा, जांघा, मान तपासली. गाठ नव्हती. पण प्लेगमध्ये गाठ उशिरानंही येते. मी पुन्हा काखेपासून तपासायला लागलो.

तेवढ्यात मोटेची करकर पुन्हा सुरू झाली.

मी बाहेर आलो. विहिरीच्या धावेवर, म्हणजे बैल ज्या उतारावरून मोट ओढतात तिथं, गोदाकाकू होत्या. पदर खोचलेला, एक हात नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, एक हात बैलाच्या पाठीवर. बैल उतार उतरत होते, पाणी वर येत होतं, बैलांना मागं सारून त्या पुन्हा वर येत होत्या. आमच्याकडं बाईमाणूस मोट हाकत नाही. घरंदाज तर नाहीच. बोचकी घेतलेली माणसं वाटेतच उभी राहिली.

काकू त्यांच्याकडं पाहतही नव्हत्या. पन्हळीला पाणी आलं तेव्हा म्हणाल्या, “पानी वाया जायलंय. घागरी कुठं हायत?”

एक म्हातारी पुढं झाली. तिनं घागर लावली. मग दुसरी. हळूहळू बोचकी खाली ठेवली गेली. मामा तिथंच होते. ते मोटेपाशी गेले आणि म्हणाले, “सरा काकू, मी हाकतो.”

“बैल वळखत न्हाईत तुमाला,” काकू म्हणाल्या. पण थोड्या वेळानं नाडा त्यांच्या हातात दिला.

रोग्याला हिवताप निघाला. कोयनेलच्या गोळ्यांवर तो उठून बसला आणि मोटकरी संध्याकाळी खाली मान घालून परत आला.

मी काकूंना विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटली?”

“लय वाटली. पन मोट थांबली म्हनून तर मानसं पळायलीत, हे दिसायलं होतं. मग काय करावं?”

ऊन तापलं तसा प्लेग ओसरला. घरांची छपरं उघडून, बिळं बुजवून, धुरी देऊन आम्ही गाव परत वसवलं. आमराईतून एकही प्रेत निघालं नाही. माझ्या नोकरीत असा कॅम्प हा एकच. तहसीलदारसाहेबांनी वर कळवताना सगळं श्रेय काकूंना दिलं. तळ्याची चुकीची जागा आपणच आधी निवडली होती, हेही कळवलं. त्याची काहीच गरज नव्हती.

त्या साली आमराईला लोणच्यापुरत्या कैऱ्या लागल्या.

पुढं मी बदल्यांबरोबर बरेच कॅम्प लावले, देवीचे, पटकीचे, पुराचे. वरिष्ठ विचारायचे, पाणी कसं, माती कशी, रस्त्यापासून किती लांब. ते सगळं मी सांगायचो. मग जमिनीचा मालक माणूस कसा आहे, हेही सांगायचो. काही वरिष्ठ हसायचे. त्यांनी कॅम्प लावलेले नव्हते.