वसुमावशींनी काढलेली तारीख

दांडिया बाजारात कुणाला दिवस राहिले, की बातमी डॉक्टरीणबाईंच्या आधी वसुमावशींकडे पोचायची. पूर्ण नाव वसुंधरा दत्ताजीराव मोहिते, वय एकसष्ट. नवरा रिफायनरीतून निवृत्त झाला आणि चार वर्षांपूर्वी गेला. सासरचे पणजोबा म्हणे सरकारी पागेत शिलेदार होते. त्या पागेतलं आता घोडं उरलं नाही की खोगीर, पण ताठा मात्र सगळाच्या सगळा मावशींच्या मानेत उतरलेला.

"मावशी, माझं सांगा ना," म्हणत एखादी मराठी सून यायची, तर "मासी, मारुं गणी आपो ने," म्हणत शेजारची गुजराती बेन. मावशी आधी चहा टाकणार. मग एकच प्रश्न: "शेवटची पाळी कुठल्या तारखेला आली?" चुकली कधी ते नाही, आली कधी ते! चुकल्यापासून मोजणाऱ्या बायकांचा त्यांना भारी राग. "अगं बये, चुकल्यापासून मोजलंस तर महिनाभर मूल वाऱ्यावर सोडलंस की!" मग अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. नऊ महिने, वर नऊ दिवस, की निघाली तारीख. दवाखान्यात पुठ्ठ्याची चकती फिरवून डॉक्टर काढायचे ती तारीखही दोन-चार दिवस इकडे-तिकडे तीच असायची, पण मावशी ते कबूल करतील तर शपथ.

पण खरं सांगायचं तर ही सगळी मोजदाद दुसऱ्यांच्या लेकींची होती. स्वतःची एकुलती एक मृदुला लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी ऑकलंडला रिकाम्या कुशीनं बसलेली. एकदा राहिलं होतं, ते दीड महिन्यात गेलं. त्यानंतर मावशी दर रविवारी फोनवर हवापाणी विचारायच्या, जावयाची नोकरी विचारायच्या, आणि शेवटी घसा खाकरून म्हणायच्या, "बाकी काही विशेष?" मृदुला म्हणायची, "काही नाही गं." फोन ठेवल्यावर तासभर मावशींचं मन कशातच लागायचं नाही. गल्लीतल्या काल-परवापर्यंत गुडघ्याएवढ्या असलेल्या पोरींच्या तारखा आपण काढतो आणि आपल्या पोटच्या पोरीची एक तारीख देवाला देववत नाही, म्हणून त्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाशी सरळसरळ भांडायच्या.

जूनच्या मध्यावर एका सकाळी फोन आला, तोही रविवार नसताना.

"आई, बोटं मोकळी आहेत का तुझी?" मृदुलानं विचारलं. "माझं मोजायचंय."

मावशी रडल्या, हसल्या, इतके दिवस लपवलंस म्हणून रागावल्या, आणि मग डोळे पुसून कामाला लागल्या. "पाळीची तारीख सांग."

मग मृदुला म्हणाली, "बारा मार्च."

एकवीस डिसेंबर! पेरं दोनदा मोजली, तिसऱ्यांदा उगाच हौसेनं मोजली. आपण तिथं असायचं, हे मावशींनी त्याच घडीला ठरवलं. पोरीला पहिली कळ येईल तेव्हा तिचा हात आपल्या हातात हवा. बाकी जग गेलं उडत.

पुढं काही गोष्टी जरा विचित्र घडल्या, पण मावशींकडे प्रत्येकीला उत्तर होतं. जुलैच्या सुरुवातीलाच मृदुला म्हणाली, "आई, आत हलतंय गं." चार महिनेही पुरे झाले नाहीत, आणि पहिलटकरणीला हलणं जाणवतंय? मावशी म्हणाल्या, "चपळ आहे, आजोबांवर गेलंय." सप्टेंबरात व्हिडिओवर डोहाळजेवण केलं. इकडे मावशींनी पाटावर नारळ ठेवला, तिकडे पोरीनं हिरवी साडी नेसली. पोट चांगलंच मोठं दिसत होतं. "तिकडचं दूध-लोणी अंगी लागलं," असं मावशींनी जाहीर केलं.

"आई, डॉक्टर नोव्हेंबरअखेर म्हणताहेत," मृदुला एकदा म्हणाली. "सुरुवातीलाच ये ना तू."

"तुझे डॉक्टर बाराखडी कधी शिकले? मी चंपाषष्ठी करून निघते. घरात खंडोबाचं नवरात्र बसवायचं आणि अर्ध्यावर टाकून जायचं, हे मोहित्यांकडे चालत नाही. एक डिसेंबरला निघते, तरी वीस दिवस हातात राहतात."

"आई, पण…"

"पण नाही नि बिण नाही. तारीख मी काढलीय ना?"

तिकीट काढून दिलं खालच्या मजल्यावरच्या अस्मितानं. अस्मिता वासण्याच्या एका शाळेत शिकवते. चार वर्षांची मुलगी आहे तिला. मृदुलाची ती बालमैत्रीण. लॅपटॉपवर बोट ठेवून तीही म्हणाली, "काकी, आठ नोव्हेंबरचं बघा किती स्वस्त मिळतंय. हेच घेऊ या?" मावशी म्हणाल्या, "स्वस्त आहे म्हणून देव सोडू का?" अस्मिता त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं एक डिसेंबरवर बोट टेकवलं.

चोवीस नोव्हेंबरला सकाळी साडेसातला मावशी दूध तापवत होत्या. डिंकाचे लाडू डब्यात भरून तयार होते. बॅगेला कुलूप तेवढं लावायचं होतं. जावयाचा, आशयचा, फोन आला.

"आई, अभिनंदन. मुलगी झाली. दोघी छान आहेत."

दूध उतू गेलं. मावशींनी गॅस बंद केला की अस्मितानं धावत वर येऊन केला, हे त्यांना आजही आठवत नाही. "चार आठवडे आधी? अरे देवा, काचेच्या पेटीत ठेवलीय का? किती किलोची?"

"पेटी नाही हो. तीन किलो दोनशे."

आशयनं फोन बाळाकडे वळवला. गुबगुबीत गाल, बोटांच्या टोकांपुढं आलेली नखं, तळपायांवर भरगच्च रेषा. मावशींनी आयुष्यात इतकी बाळं न्हाऊ-माखू घातली होती की त्यांना कुणी चकती फिरवून सांगायची गरज नव्हती. हे पूर्ण दिवसांचं मूल होतं.

"फोन मृदूकडे दे," त्या म्हणाल्या.

मृदुलाचा चेहरा आला. केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले, आणि डोळ्यांत आईला बघितल्यावर भरून आलेलं पाणी.

"मृदू, बारा मार्चला पाळी नव्हती ना आली?"

"नाही."

"मग काय होतं त्या दिवशी?"

"त्या दिवशी बाळ आत सोडलं, आई. लॅबमध्ये पाच दिवसांचं करून. आम्ही आयव्हीएफ केलं." ती एक एक शब्द जुळवत बोलत होती. "तू तारीख विचारलीस, आणि मला ती एकच तारीख पाठ होती. नंतर दुरुस्त करायची म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं."

"तर सांगायचंस! आईला सांगायला लाज कसली?"

मृदुला हळूच म्हणाली, "अस्मिताच्या मुलीचं बारसं आठवतंय? तीही आयव्हीएफनंच झालेली. कुणीतरी म्हणालं, वसुमावशी, हिची तारीख तुम्ही नाही काढलीत ती? तू म्हणालीस, 'हिची काय काढायची! ही तर ऑर्डर देऊन मागवलेली.' सगळ्या हसल्या. अस्मितासुद्धा हसली. मी पाळण्याची दोरी धरून उभी होते, आई. त्याच महिन्यात आमची पहिली तपासणी झाली होती."

मावशींना ते वाक्य आठवत नव्हतं. पण आपलंच होतं, हे ऐकताक्षणी कळलं. असं दुसरं कोण बोलणार! मागं ओट्यापाशी अस्मिता सांडलेलं दूध पुसत होती. ती मान वर करीना.

फोन ठेवला. मावशी अस्मिताकडे वळून म्हणाल्या, "तुला माहीत होतं."

"हो."

"म्हणून आठ नोव्हेंबर."

"काकी, तिनं शपथ घातली होती मला."

मावशींनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिला खुर्चीत बसवलं. "चुकलं माझं, अस्मिता. फार वाईट बोलले मी तेव्हा," त्या म्हणाल्या. अस्मितानं "जाऊ द्या हो काकी," म्हटलं, पण डोळ्यांना पदर लावूनच म्हटलं. "आता मला सांग," मावशी म्हणाल्या, "असं असतं तेव्हा मोजतात तरी कसं?"

"तसंच, तुमच्यासारखंच. बाळ आत सोडतात त्या दिवशी दोन आठवडे आणि पाच दिवस झाले असं धरायचं. पाच दिवस लॅबमधले, आणि त्याच्या आधीचे दोन आठवडे पाळीपासूनचे. एरवी पाळीपासून मोजतो तेव्हा तरी पहिले दोन आठवडे पोटात काय असतं, काकी? काहीच नसतं. पण ते आपण धरतोच की."

एकोणीस दिवस. मावशींच्या अंगठ्यानं आपोआप पेरं गाठली. बारा मार्चच्या मागं एकोणीस म्हणजे एकवीस फेब्रुवारी. तिथून नऊ महिने म्हणजे एकवीस नोव्हेंबर, आणि वर नऊ दिवस. बरोबर नोव्हेंबरअखेर. पोरीला एका शब्दानं विचारलं असतं तर आज तिचा हात हातात असता.

"तिकीट बदल," मावशी म्हणाल्या. "उद्याचं मिळतंय?"

"परवाचं आहे, अहमदाबादहून. पण परवा चंपाषष्ठी."

"खंडोबाला कळतं सगळं. त्याला तूच खालून येऊन नैवेद्य दाखव. बदल तू."

दुपारी बाराला मावशींनी पुन्हा फोन लावला. ऑकलंडला संध्याकाळ झाली होती. बाळ मृदुलाच्या छातीवर झोपलं होतं, नुसतं डोकं दिसत होतं. मावशींना त्या डोक्याचा वास घ्यावासा वाटत होता आणि हातात होती फक्त काच. परवा निघते, असं त्यांनी सांगितलं. मृदुला लहान मुलीसारखी म्हणाली, "आजच निघ ना गं."

"मृदू, एक विचारू? बारा मार्चला तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. आशयला सुट्टी मिळाली नाही. पंधरा मिनिटांचं तर काम होतं. बसनं घरी आले आणि पडून राहिले."

बारा मार्च म्हणजे होळीचा आदला दिवस. मावशींना तो लख्ख आठवला. सकाळी आठच्या सुमारास, पुरणाची डाळ निवडता निवडता, लेकीची फार आठवण झाली म्हणून त्यांनी फोन लावला होता.

"मी फोन केला होता तुला."

"तीनदा," मृदुला म्हणाली. "वाजत होता, आणि मी तो पोटावर ठेवून पडले होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ठरवलं, की आता पुन्हा वाजला ना, तर उचलायचा आणि आईला सगळं सांगून टाकायचं. खूप वेळ वाट बघितली गं मी."

त्या दिवशी, पोरीला आईची किंमत नाही असं पुटपुटत, मावशींनी फोन बाजूला टाकला होता आणि चौथ्यांदा लावला नव्हता.