नळीत काय भरायचं

ठासणीच्या बंदुकीत एकदा भरलं की भरलं. आत गेलेली गोळी बाहेर काढायची ती घोडा ओढूनच. म्हणून समोर ससा येणार की डुक्कर, हे घरी बसूनच ठरवावं लागतं. सशाला छर्रे, डुकराला शिशाची सबंध गोळी. छर्रे भरून बसलात आणि डुक्कर आलं, तर ते नुसतं चिडतं आणि मग तुमची काही खैर नाही. लग्न होऊन आले त्या पहिल्याच हिवाळ्यात मी हे सगळं नवऱ्याला विचारून घेतलं होतं. मला विचारायची खोडच होती. सासू म्हणायची, "इले एक सांगतलं का इचे धा सवाल तयार!"

आमचं गाव राळेगावच्या बाजूचं, रानाला अगदी चिकटून. बंदूक सासऱ्यांची, पीक राखायच्या लायसनवर मिळालेली. ते गेल्यावर ती आमच्या ह्यांच्याकडे आली. ह्यांचा नेम असा, की गोळी वाया गेली म्हणून कोणी कधी ऐकलं नाही. गोळ्या ओतायचं काम मी मागून घेतलं. लोखंडी पळीत शिसं वितळवायचं, वर आलेला मळ काढायचा आणि साच्यात ओतायचं. आत बुडबुडा राहिला तर गोळी पोकळ होते, आणि पोकळ गोळी वाकडी जाते. ती ओळखायची कशी? परातीत घरंगळवून. चांगली गोळी सरळ जाते, पोकळ गोळी दारू प्यायल्यागत झोकांड्या खाते. ही युक्ती माझी. अजून मला तिचं कौतुक आहे.

मग छप्पन्न साल आलं. दसऱ्याला आम्ही दोघं नागपूरला गेलो, दीक्षा घेतली, बौद्ध होऊन आलो. घरी आल्या आल्या ह्यांनी उरलेल्या शिशाच्या गोळ्या मोजून डब्यात बंद केल्या, बंदूक खुंटीला टांगली आणि आईला म्हणाले, "आता जीव घ्याचा नाई. पयलंच शील हाय आपलं."

सासू चुलीपुढे होती. तिथूनच म्हणाली, "बरं बापा. आन् डुकराइनं बी घेतलं का शील?"

मला हसू आवरेना, पण म्हातारीचं चुकत नव्हतं. ज्वारी हुरड्यावर आली होती आणि डुकरांचा कळप रोज अंधार पडायच्या आत नाल्यातून वर येत होता. ती ज्वारी गेली असती तर पुढच्या कापणीपर्यंत घरात भाकर नव्हती. आमचं शेत तेवढंच. ह्यांना शील मोडायचं नव्हतं आणि ज्वारीही घालवायची नव्हती. तेव्हा प्रश्न उरला एकच: न मारता हाकलायचं, तर नळीत काय भरायचं?

आता खरं सांगते, मला तो प्रश्न भारी आवडला.

पहिल्यांदा नुसती बंदुकीची दारू आणि वर चिंधीचा बोळा भरला. आवाज झाला, कळप पळाला. दोन-तीनदा पळाला. मग डुकरांना कळलं की ह्यात नुसतीच बोंब आहे. मान वर करून आमच्या मचाणाकडे बघायची आणि पुन्हा खायला लागायची. मग खडेमीठ भरून पाहिलं. ते जवळच सांडायचं, वर नळीला गंज. गरम पाण्यानं नळी धुता धुता हे मेटाकुटीला आले. मी म्हटलं, मूठभर ज्वारीच भरून पाहू. सासूनं हात जोडले, "वा वं वा! शेतात येऊन खातेत ते कमी हाय, आता तोंडात नेऊन टाका!" मग तिखट आणि राख. वारा फिरला आणि आम्ही दोघं मचाणावर बसून रडत बसलो. डुकरं आरामात होती.

शेवटी मी मातीवर आले. शेतातली काळी माती वाळताना तडकते, म्हणून नाल्याकाठची चिकणमाती आणली, तिच्यात राख मळली. शिशाच्याच साच्याला तेल लावून गोळ्या पाडल्या. सावलीत वाळवल्या. तशीच वाळलेली गोळी उडवली तर तिचा नळीतच भुगा झाला. गोवऱ्यांच्या आरात भाजल्या. कडेच्या कच्च्या राहिल्या, मधल्या खणखणीत निघाल्या. लुगड्याच्या चिंधीत एक मधली गोळी गुंडाळून ह्यांनी ठासली आणि बाभळीला टांगलेल्या पोत्यावर मारली. पोतं जोरात हललं. आम्ही धावत जाऊन पाहिलं. पोत्यावर लाल डाग होता, पण भोक नव्हतं.

"फाटलं नाई!" हे लहान पोरासारखे ओरडले.

त्यानंतर चांगले दिवस गेले. माती ढुंगणावर बसली की डुक्कर केकाटत नाला गाठायचं. ज्वारी पिकत आली. गावात आमची थट्टा व्हायची, पण कुंपणाशी येऊन लोक गोळ्या मागूनही न्यायचे, गोफणीला.

कळपात एक थोराड नर होता, एक सुळा तुटलेला. एका पहाटे तो ह्यांच्या समोर बांधावरच आला. हे मचाणावरून उतरून घरी निघाले होते. ह्यांनी गोळी मारली. ती लागलीही, पण त्या नराने पाठ फिरवली नाही, तो सरळ अंगावर आला. मांडी गुडघ्यापासून वर फाडली आणि मग रानात गेला. बैलगाडीत घालून ह्यांना नेलं, पुढे यवतमाळच्या दवाखान्यात टाके पडले. घरी आणलं तेव्हा तोंड हळदीसारखं पिवळं झालं होतं.

गाव भेटायला यायचं आणि एकच म्हणायचं, शिसं असतं तर हे झालं नसतं. मलाही तेच वाटत होतं. त्या मातीच्या गोळ्या मी केल्या होत्या, मी! एका दुपारी न राहवून मी म्हटलं, "शिसं काहून नाई ठेवलं जवळ?"

"ठेवलं असतं तर भरलं असतं. भरलं असतं तर मारलं असतं," हे म्हणाले. "डुक्कर अंगावर आल्यावर कोन इचार करते? इचार घरीच करा लागते."

कापणी थोड्याच दिवसांवर होती आणि हे खाटेवर. शेत राखायला उरले मी. बंदूक कशी धरायची ते मला ठाऊक होतं, दोन-तीनदा पोत्यावर मारून पाहिली होती. संध्याकाळी निघायच्या आधी मी ओसरीत बसले. एका बाजूला शिशाच्या गोळ्यांचा डबा, एका बाजूला मातीच्या गोळ्यांची टोपली. सासू म्हणाली, "शिसं भर. माह्या पोराले फाडलं त्यानं." मलाही राग आवरत नव्हता. एक शिशाची गोळी मी उचललीही. थंडगार, जड, तळहातात कशी बरोबर बसणारी.

तशीच आत गेले. "तुमी सांगान ते भरते," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे मिटले. "मी नाई सांगत. शील काय माह्यं एकट्याचंच हाय?"

मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आजवर मी ते ह्यांचंच धरून चालले होते. नागपूरला त्या गर्दीत मला पालीतलं काही कळलं नव्हतं, मी नुसते ओठ हलवले होते. ओसरीत परत आले, हातातली शिशाची गोळी डब्यात टाकली, नळीत दारू ओतली, बोळा ठासला. मग मातीची गोळी घातली, वर दुसरा बोळा, आणि गज मारता मारता पहिलं शील तोंडानं म्हटलं, मोठ्यानं, आपल्या मराठीत: जीव घेणार नाही. सासू उठून चुलीकडे गेली.

रात्र नुसती गारठ्यात गेली. पहाटे तो एका सुळ्याचा आला. मी खाली उतरले नाही, एवढं शहाणपण शिकले होते. मचाणाखाली येऊ दिला आणि कानामागे गोळी हाणली. तो धडपडला, उठला आणि नाल्याकडे गेला. भीतीनं मी ऊन वर येईतो तिथंच बसून राहिले.

घरी आले तर हे खाटेवर नव्हते. त्या फाटक्या पायानं घसटत ओसरीपर्यंत आले होते, भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर शिशाचा डबा. गोळ्या एकेक करून जमिनीवर मांडलेल्या.

"अहो, टाके उसवतीन ना!" मी ओरडले.

ह्यांचे डोळे लाल झाले होते. "रातभर मोजून राह्यलो," म्हणाले. "सगळ्या हायेत."