लाल बटण कुणी सरकवलं?

ज्या कुणी माझ्या कॉम्प्युटरच्या पाठीमागचं ते नखाएवढं लाल बटण सरकवलं, त्याने एका अख्ख्या गावाचा घात केला आहे.

हे वाक्य मी त्या शनिवारी दुपारी आमच्या पनवेलच्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. नाव कुणाचंच घेतलं नाही. तरी आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी समीरकडे आणि समीरने छताकडे.

आमच्या ग्रुपचे किस्से असेच साठत जातात. घडताना तोंडचं पाणी पळालेलं असतं, आणि वर्षभराने तेच चहाबरोबर रंगवून सांगितले जातात. मग कुणीतरी मध्येच म्हणतं, "थांब, आधी पेंडसे काकांचा सांग." प्रत्येक वेळी क्रम चुकतो, म्हणून यावेळी लिहूनच काढते.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघं. मी मानसी. समीर माझ्याच कॉलेजचा. त्याला कॉम्प्युटर उघडता येतो आणि परत लावताना दोन-तीन स्क्रू उरतात. आणि निलेश, उलव्याच्या अलीकडच्या एका गावातला. त्याच्या वडिलांची होडी आहे. गावामागच्या खाडीत एक कंपनी राजरोस भराव टाकत होती आणि कागदावर लिहीत होती, काम अजून सुरूच झालेलं नाही. या भरावाला परवानगी द्यायची की नाही, यावर सोमवारी सकाळी गावच्या शाळेत जनसुनावणी होती.

निलेशने होडीत बसून डंपरचे फोटो काढले होते. कॅमेरा मागून आणलेला, त्याचं कार्ड लहान. भरलं की माझ्या कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि रिकामं करायचं. सीडी रायटर आमच्यापैकी कुणाकडे नव्हता. बाहेरून सीडी करून आणायचं रोज ठरत होतं आणि रोज राहत होतं. थोडक्यात, खाडी गावाची होती आणि तिचा पुरावा माझ्या खोलीतल्या एका डब्यात होता.

शनिवारी दुपारी मी तो डबा सुरू केला. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, मागच्या जाळीतून धूर आला आणि घरातली लाईट गेली.

*

भिंतीतली वीज घेऊन ती कॉम्प्युटरला पचेल अशी करणारा एक पत्र्याचा चौकोनी ठोकळा आत असतो. त्याला एसएमपीएस म्हणतात. त्याच्या पाठीवर एक लाल बटण असतं. एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ११५. आपल्याकडे वीज २३०ची. समीरने टॉर्च मारला. बटण ११५ वर होतं.

चौकशी सुरू झाली. आई म्हणाली, ती फडकं फक्त समोरून मारते. समीर म्हणाला, तो महिनाभर हात लावायला आलेला नाही. निलेश म्हणाला, तो मागे काय असतं तेच आज बघतोय.

बाबा पेपराची घडी घालत होते. ती घालून झाल्यावर त्यांनी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

"लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर लवकर उतरतो," ते म्हणाले. "११५ म्हणजे निम्मी वीज लागेल. तुझं काम दुप्पट वेळ चालेल, असं वाटलं मला."

जनसुनावणीचा मजकूर टाइप करताना लाईट गेली की मीच आदळआपट करत होते.

आईने मात्र सोडलं नाही. "उन्हाळ्यात पंखासुद्धा एकवर ठेवणारा माणूस. त्याच्या हाताला बटण लागू द्यायचंच कशाला?"

*

बाजारातल्या एका दुकानात आम्ही डबा घेऊन गेलो. दुकानदाराने झाकण उघडलं नाही. नुसता वास घेतला आणि सांगितलं, बोर्ड गेला. समीर म्हणाला, फक्त एसएमपीएस द्या, बाकी आम्ही बघतो. तो म्हणाला, स्टॉकमध्ये नाही, रविवारी माल येत नाही, मंगळवारी या.

मंगळवारी! मी त्याला सोमवारचं सगळं समजावून सांगितलं. खाडी, भराव, फोटो, सुनावणी. त्याने मन लावून ऐकलं आणि मार्ग काढला.

"असं करा ना, मशीन ठेवून जा. उद्या नवीन बोर्ड टाकतो, फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो. आतलं काही राहणार नाही, पण एकदम नवीन होऊन जाईल."

मी डबा असा उचलला की समीरला मागून धावावं लागलं. शेजारच्या सायबर कॅफेवाल्याने आधी विचारलं, फोटो कशाचे आहेत. सांगितल्यावर म्हणाला, आमच्या मशीनला बाहेरची हार्ड डिस्क लावू देत नाही.

*

घरी येऊन समीरने एक परीक्षा काढली. एसएमपीएस बाहेर काढायचा, बटण २३० वर करायचं, त्याच्या मोठ्या प्लगातली हिरवी वायर आणि काळी वायर यूपिनसारख्या वाकवलेल्या तारेने जोडायची आणि मग वीज द्यायची. ठोकळ्यातला छोटा पंखा फिरला तर ठोकळा जिवंत, म्हणजे गेलंय ते दुसरंच काहीतरी. नाही फिरला तर ठोकळा मेला, आणि बाकीचं वाचलं असण्याची आशा.

आईने समीरला लाकडी पाटावर उभं केलं, पायात बाबांच्या रबरी चपला घातल्या आणि स्वतः लाटणं घेऊन बाजूला उभी राहिली. शॉक लागला तर माणसाला लाकडाने मारून सोडवायचं असतं, असं तिने ऐकलं होतं. समीरचं अर्धं लक्ष वायरवर होतं, अर्धं लाटण्यावर. भर वाऱ्यात होडी काढणारा निलेश दाराबाहेर जाऊन जिन्यात थांबला.

बाबांनी स्विच दाबला. आम्ही सगळे पंख्याकडे बघत राहिलो.

पंखा हलला नाही. समीर पाटावरच नाचला, मी आईला मिठी मारली, बाबांनी डोळे पुसले.

निलेशने दारातून डोकं आत घातलं. "मेला म्हणून नाचनारी मानसं मी पयल्यांदा बगतोय."

*

आता पेंडसे काकांचा. काका समोरच्या दारात राहतात. मुलगा अमेरिकेत, दर रविवारी सकाळी नात कॉम्प्युटरच्या पडद्यावर येते आणि काका तिला श्लोक म्हणायला लावतात. काकांनी उलव्यात फ्लॅट बुक केला होता. जिन्यात भेटले की मला म्हणायचे, तुमच्या खाडीत बगळे राहतील गं, माणसांनी कुठे राहायचं? मीही उत्तर द्यायची. मग दोन-तीन दिवस दोन्ही दारं जरा जोरात लागायची.

अख्ख्या बिल्डिंगमध्ये आमच्यासारखा कॉम्प्युटर फक्त त्यांच्याकडे होता.

रविवारी नातीचे श्लोक संपेपर्यंत आम्ही तिघं त्यांच्या दाराबाहेर उभे होतो. त्यांच्या कॉम्प्युटरमधला ठोकळा सोमवारपर्यंत उसना मागितला. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, फोटो कशाचे? मी काहीतरी गुळमुळीत सांगायच्या बेतात होते, तोच निलेशने खरं सांगून टाकलं.

काका त्याच्याकडे वळले. "उलव्यात माझा फ्लॅट होतोय, माहीत आहे ना तुला?"

"माहीत हाय काका. माज्या आज्याचं मिठागर व्हतं त्या बाजूला."

आतून काकूंनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, संपलं. दार लागणार.

"ठोकळा मिळेल," काका म्हणाले. "पण ठोकळा जिथे जाईल तिथे मी येणार."

*

काकांचा ठोकळा आमच्या डब्यात बसेना, म्हणून तो बाहेर पाटावर ठेवला. वायरी जेमतेम पुरल्या. स्विच दाबला. काहीच नाही.

"माझ्याकडे व्यवस्थित चालत होता," काका म्हणाले, आणि खोलीतली हवाच गेली. समीरने एकेक वायर परत चाचपली. बोर्डाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोनी प्लग लावायचा राहिला होता.

पुन्हा स्विच. पंखा फिरला. बीप आला. मग निळ्या पडद्यावर डिस्क तपासण्याचे आकडे सरकायला लागले. मध्येच एका आकड्यावर ते थांबले आणि हलेचनात. निलेश जमिनीवर उकिडवा बसला होता. तो हळूच म्हणाला, "मानसी, गेले असतील तर बाबाला तूच सांग. माज्याने नाय व्हनार."

आकडा हलला. विंडोज आलं. फोल्डर उघडलं. पहिल्याच फोटोत एक डंपर पाठ उचलून खाडीत माती ओतत होता. बाबांनी मागे उभं राहून त्याची नंबरप्लेट मोठ्याने वाचून दाखवली, जणू त्यांनीच पकडला होता.

मग ते आतून चिकटपट्टी घेऊन आले. काकांच्या ठोकळ्याच्या लाल बटणावर त्यांनी ती दोनदा चिकटवली आणि वर पेनाने लिहिलं, 'हात लावू नये'.

*

सोमवारी सकाळी निलेशच्या चुलतभावाचा टेम्पो आला. पहाटे त्यातून करंजा बंदरावरची मासळी आली होती. प्रोजेक्टर समीरने कॉलेजमधून मिळवला होता. डबा मी धरला. ठोकळा टॉवेलात गुंडाळून काकांच्या मांडीवर. काका पूर्ण शाकाहारी. गावापर्यंत नाकावर रुमाल आणि एका हाताने ठोकळा. पण त्यांनी तो सोडला नाही.

सुनावणी शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होती. रस्त्याच्या बाजूने कंपनीने उंच पत्रे लावलेले, त्यामुळे खालून काहीच दिसायचं नाही. हॉलच्या मागच्या खिडक्या मात्र खाडीकडे होत्या. सुनावणी घेणारे सरकारी साहेब समोरच्या टेबलाशी. कंपनीच्या माणसाने उठून वाचून दाखवलं, की जागेवर अद्याप कोणतंही काम सुरू झालेलं नाही. मागे बसलेल्या बायकांमध्ये कुजबुज झाली. साहेबांनी पेन आपटलं.

मग आमचा नंबर. समीरने जोडाजोड केली, काकांचा ठोकळा टेबलावर टॉवेलातून बाहेर आला. पण हॉलमध्ये इतकं ऊन होतं की पडद्यावर काही उमटेना. मी शाळेच्या शिपायाला म्हटलं, खिडक्यांचे पडदे ओढा. ते म्हातारे होते, सावकाश एकेक पडदा ओढत होते. मी म्हटलं, जरा लवकर.

"मागचे पण, मॅडम?"

"सगळे!"

अंधार झाला. कॉम्प्युटर सुरू झाला. मी लोडशेडिंगचं वेळापत्रक दोनदा बघून ठेवलं होतं, त्या वेळेला कपात नव्हती. फोल्डर उघडलं, मी पहिल्या फोटोवर क्लिक केलं, आणि लाईट गेली.

काकांनी आपोआप ठोकळ्यावर हात ठेवला. साहेब म्हणाले, थांबायला वेळ नाही, फोटो नंतर ऑफिसात जमा करा, पुढचं नाव घ्या. कंपनीचा माणूस पाणी प्यायला. निलेशचे वडील पहिल्या रांगेत होते. ते माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

डोक्यावरचे पंखे हळूहळू थांबले. हॉल एकदम शांत झाला. त्या शांततेत, ओढलेल्या पडद्यांच्या मागून, डंपर रिव्हर्स घेताना वाजतो तो सूर ऐकू यायला लागला. मग दुसऱ्या डंपरचा. मग माती ओतल्याचा आवाज.

मागच्या खिडकीशी ते शिपाई अजून पडद्याची दोरी हातात धरून उभे होते.

"मॅडम," ते म्हणाले, "आता उघडू का?"