दोन्ही तोंडांची शाई

सकाळी भात उतरला की आमच्या शेजारच्या झुंबरमावशी पहिली मूठ कुणाच्या पानात वाढत नसत. ती शाईसाठी असे. मऊ भात आणि लोखंडाचा बारीक कीस घोटून ढोलकीच्या कातड्यावर जो काळा गोल बसवतात, तो बसवणं त्यांचं काम. थरावर थर, आणि प्रत्येक थर गुळगुळीत गोट्यानं घासायचा. घासताना शेजारी रेडिओ चालू असे, शॉर्टवेव्हवर काठमांडू.

हे वेड १९९६ चं. भाषा कळत नव्हती, पण तिथल्या गाण्यांमागं वाजणारं मादल, म्हणजे आपल्या ढोलकीचं चुलतभावंडच, त्या कान देऊन ऐकत. एके दिवशी गोटा थांबला.

"याच्या दोन्ही तोंडास्नी शाई हाय."

नवरा सयाजीमामा हसले. आपल्या ढोलकीला बाहेरून शाई एकाच बाजूला. "डोंगरापल्याडचं तुला हितनं दिसतंय व्हय?"

"दिसत न्हाय. ऐकू येतंय की."

मावशींनी तशी एक ढोलकी केलीच. सयाजीमामा गिऱ्हाइकांना ती 'आमच्या हिचं खूळ' म्हणून दाखवत. पाच वर्षं ती खुंटीला होती.

मग एका दसऱ्यात नेपाळचं कलापथक कोल्हापुरात आलं. मावशी नवं लुगडं नेसल्या, खूळ काखेत मारलं आणि दुपारीच नाट्यगृह गाठलं. मागून मामा. अंदाज चुकला तर मावशींना जन्मभर ऐकून घ्यावं लागणार होतं.

हर्कबहादूर नावाचा वादक खोळ सोडत होता. मादल बाहेर आलं. दोन्ही तोंडं काळी.

मावशींनी मामांकडं बघितलंसुद्धा नाही. आपली ढोलकी पुढं केली. त्यानं वाजवली, थांबला, उलटून पाहिली, पुन्हा वाजवली.

"नेपाल कब गई थीं?"

"मुरगूडच्या पुढं गेलो न्हाय," मावशी म्हणाल्या.

तो पोट धरून हसला. मग डावी शाई आणखी मोठी हवी, हे त्यानं बोटांनी दाखवलं. मावशींनी लगेच सुतळीनं माप घेतलं. त्यानं त्यांच्या शाईचा गोळा मागून घेतला. वर्षाच्या आत तीन ढोलक्या काठमांडूला गेल्या, तिकडून एक मादल आलं. मामांनी ते खुळाशेजारी टांगलं आणि गिऱ्हाइकांना आपणहून सांगू लागले, "आमच्या हिला हितनं ऐकू येतं."

२००७ च्या हिवाळ्यात मावशी तापानं गेल्या. गेल्या त्या दिवशी सकाळी काठमांडूला जायची एक ढोलकी अर्धी घासून पडली होती. मामा चुलीपाशी भात रांधत होते. मावशी अंथरुणातून म्हणाल्या, "अवो, भात मऊच ठेवा. आणि पैली मूठ खाऊ नगासा."